रॉकेटची मोटर आणि पावती

आमच्या आष्टीत मोटर म्हटले की विहिरीवरची. ती जळते, तिचे वाइंडिंग करावे लागते, रात्री लाइट आली की कुणीतरी बॅटरी घेऊन ती चालू करायला जातो. त्यामुळे आठवीतल्या एका मुलाने भर तासाला "सर, रॉकेट की मोटर किदर मिलती?" असे विचारले तेव्हा अख्खा वर्ग हसला. तो हसला नाही. त्याने मोबाइलवर अमेरिकेतल्या मुलांचा व्हिडिओ पाहिला होता. पुठ्ठ्याचे हातभर रॉकेट, त्याच्या बुडात बोटाएवढी कागदी नळी, दूर उभे राहून बटण दाबायचे; रॉकेट दोन-तीनशे मीटर वर जाते, वरच्या वर त्यातून पॅराशूट निघते आणि ते तरंगत खाली येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रॉकेट, फक्त नळी नवी. पुठ्ठा त्याच्याकडे होता. पॅराशूटसाठी प्लॅस्टिकची पिशवी होती. ती बोटाएवढी नळी तेवढी नव्हती.

मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठीचा. प्रश्न विज्ञानाच्या सरांकडे पाठवून मोकळे होता आले असते. पण त्याचे पुढचे वाक्य होते, "नहीं मिली तो घर पे बनाता. शोरा तो खाद की दुकान में मिलता." आणि ते खरे आहे. ठिबकमधून सोडायचे १३-०-४५ नावाचे पांढरे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच आपला जुना सोरा. डाळिंब, द्राक्ष, मोसंबी लावणारा कुठलाही शेतकरी ते पोत्याने आणतो. साखर आणि सोरा वापरून घरी रॉकेट करणाऱ्यांचे व्हिडिओही ढीगभर आहेत. त्यात करणाऱ्यांचे हात दिसतात. ज्यांचे हात गेले ते व्हिडिओ करत नाहीत.

म्हणून गेले काही महिने मी या नळीच्या मागे आहे. ती कोण बनवते, कशी बनते, आपल्याकडे का बनत नाही आणि पुढे बनेल का?

आधी नळीविषयी, कारण तिचे रूप कळले की बाकीचे आपोआप कळते. सगळ्यांत जास्त खपणारी नळी १८ मिलीमीटर जाड आणि ७० मिलीमीटर लांब असते. वजन २४ ग्रॅमच्या आसपास, त्यात जळणारी दारू साधारण ११-१२ ग्रॅम. जाड कागदाची पुंगळी, खाली चिकणमातीचे घट्ट बूच आणि त्याला मधोमध भोक. त्यातून धूर जोरात बाहेर पडतो आणि रॉकेट वर ढकलले जाते. बुचाच्या वर ठासलेली काळी दारू. तिच्या वर सावकाश जळणारा थर, तो फक्त वेळ काढतो, म्हणजे रॉकेट आपल्या वेगाने चढत राहते. त्याच्या वर चिमूटभर सुटी दारू, ती शेवटी पेटून पॅराशूट बाहेर लोटते. नळीवर छापलेले असते 'सी ६-५'. 'सी' म्हणजे एकूण जोर ५ ते १० न्यूटन-सेकंदांच्या मधला, ६ म्हणजे सरासरी रेटा ६ न्यूटन, ५ म्हणजे दारू संपल्यावर पॅराशूट उघडायला लागणारी सेकंदे. अक्षर एकाने पुढे गेले की जोराची मर्यादा दुप्पट होते.

आता दिवाळीतले रॉकेट आठवा. तीच पुंगळी, तीच माती, तीच काळी दारू. फरक एवढाच की दिवाळीचे रॉकेट किती रेटा देणार आणि किती सेकंदांनी फुटणार हे त्यावर लिहिलेले नसते. बाटलीत उभे केलेले रॉकेट शेजारच्या गच्चीवर गेले तर आपण हसतो. छंदाच्या मोटरीला ती मुभा नाही. पाच सेकंद लिहिले तर पाचच सेकंद. आठ झाले तर पॅराशूट उघडण्याआधी रॉकेट जमिनीत घुसते, आणि जमिनीवर मुले उभी असतात.

इथे भाषेच्या माणसाला जरा रेंगाळू द्या. मराठीत आपण 'शोभेची दारू' म्हणतो, 'दारूगोळा' म्हणतो आणि पिण्याच्या दारूलाही दारूच म्हणतो. फारसीत 'दारू' म्हणजे औषध. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला जे नाव आहे त्याचाही अर्थ 'अग्नी-औषध' असाच होतो. ती सापडलीच मुळी औषधे शोधणाऱ्यांच्या हातून. 'आतषबाजी'तला 'बाजी' म्हणजे खेळ. तेव्हा आगीचा शौक नवा नाही, आणि परकाही नाही. तेराव्या शतकात सीरियातल्या हसन अल-रम्माह याने दारूच्या कृतींचे पुस्तक लिहिले, त्यात लाकडाच्या राखेने सोरा शुद्ध कसा करायचा ते दिले आहे. टिपू सुलतानच्या लोखंडी नळीच्या बाणांची गोष्ट तर आपल्या प्रत्येक जलशात सांगतात. कलामसाहेबांनी अमेरिकेत वॉलॉप्सच्या केंद्रावर त्या बाणांचे चित्र भिंतीवर पाहिले, ते 'अग्निपंख'मध्ये आले आहे. त्यांच्या वाढदिवसाला, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्रातल्या शाळा वाचन प्रेरणा दिन पाळतात. आम्हीही पाळतो. मुलांना पुस्तके देतो, ते चांगलेच. पण ज्याने आयुष्यभर रॉकेट केले त्याच्या नावाने एकही रॉकेट वर जात नाही, हे मला दर वर्षी खटकते.

शब्बे-बरातचे फटाके आमच्या लहानपणी होते. मौलाना खुतब्यात रागावायचे, फुजूलखर्ची म्हणायचे, आणि मी आजही त्यांच्याच बाजूचा आहे. रात्रीच्या इबादतीत सुतळी बॉम्बचे काम काय? पण रागावणे फोडण्यावर होते. बनवण्याच्या कसबाबद्दल कुणी चार शब्द बोलल्याचे आठवत नाही. ते कसब मात्र आपल्यातल्याच काही घरांचे होते. उरसाला, जत्रेला, लग्नाला शोभेची दारू उडवणारे आतषबाज मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि त्यांत मुसलमान घरे पुष्कळ.

नळीची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली तीही फटाक्यांतूनच. नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाच्या गावी ऑर्व्हिल कार्लाइल याचे चपला-बुटांचे दुकान होते आणि फटाक्यांचा शौक होता. १९५४ मध्ये त्याने भावासाठी कागदी रॉकेट केले, बदलता येणाऱ्या मोटरीचे, पॅराशूटने उतरणारे. तीन वर्षांनी, ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाचा स्पुटनिक वर गेला आणि अमेरिकेतली पोरे वेडी झाली. तळघरात, गॅरेजात लोखंडी नळ्यांत जे सापडेल ते ठासू लागली. बोटे गेली, डोळे गेले, काही जिवानिशी गेली. त्या वेळी हॅरी स्टाइन नावाचा माणूस न्यू मेक्सिकोतल्या रॉकेट तळावर सुरक्षेचे काम बघत होता. कार्लाइलने आपली रॉकेटे त्याच्याकडे पाठवली, आणि स्टाइनच्या लक्षात आले की मुलाने रॉकेट बनवावे, दारूला हात लावू नये, हा यावरचा उपाय आहे. दारूचा भाग बनवणारा कुणीतरी जबाबदार मोठा माणूस हवा.

म्हणजे ही मोटर जन्मली तीच मुलांचे हात वाचवण्यासाठी. आपल्याकडे तिचे नाव काढले की लोकांना वाटते सर मुलांच्या हातात बॉम्ब देणार. उलट आहे. मोटर नाही म्हणून माझा विद्यार्थी खताच्या दुकानाकडे बघतोय.

स्टाइनला मोटरी लागत होत्या हजारोंनी, आणि कार्लाइलला हाताने तेवढ्या होईनात. डेन्व्हरमध्ये त्याची गाठ व्हर्न एस्टेसशी पडली. एस्टेसच्या घरचा धंदा फटाक्यांचा. त्याने दाबलेल्या हवेवर चालणारे यंत्र केले, पुंगळी, माती, दारू, विलंबाचा थर असे सगळे आपोआप भरणारे. नाव ठेवले मेबल. दर साडेपाच सेकंदांना एक मोटर. मला यात यंत्राचा वेग महत्त्वाचा वाटत नाही. दोन गोष्टी वाटतात. ठासताना माणूस जवळ नसतो ही एक. आणि पहिली मोटर व दहा हजारावी मोटर सारखी निघते ही दुसरी. १९६१ मध्ये कारखाना कोलोराडोतल्या पेनरोझ गावी गेला आणि अजून तिथेच आहे.

आष्टीहून जामखेड, खर्डा, भूम करत गेलो की वाशी तालुक्यात तेरखेडा लागते. धाराशिव जिल्ह्यातले हे गाव फटाक्यांसाठी मराठवाडाभर माहीत आहे. सोलापूर-धुळे महामार्गाने जाणाऱ्यांनी तिथल्या दुकानांच्या पाट्या पाहिल्या असतील. वाटेतले खर्डे इतिहासात आहे ते ११ मार्च १७९५ च्या लढाईमुळे. त्या दिवशी नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजेने निजामाच्या घोडेस्वारांवर बाणांची सरबत्ती केली, असे ग्रँट डफने नोंदले आहे. बाण म्हणजे रॉकेटच. तेव्हा ज्या रस्त्याने मी एस.टी.ने रॉकेटची मोटर शोधत गेलो तिथे सव्वादोनशे वर्षांपूर्वी रॉकेटे उडाली होती. त्या वेळी दोन्ही बाजूंच्या फौजांत दोन्ही धर्मांची माणसे होती, हे शाळेत शिकवताना सांगावे लागते. असो.

तिथे एका म्हाताऱ्या कारागिराशी बोललो. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटले. भुईनळे करण्यात त्यांची हयात गेली. मोबाइलवर मी त्यांना मोटरीचा उभा छेद दाखवला. चष्मा वर करून त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हे तर आमचंच आहे." पुंगळीचा कागद किती फेऱ्यांचा, माती कशी चाळायची, ओल किती ठेवायची, सगळे त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. मग मी सेकंदांचे सांगितले. ते गप्प झाले. "सर, उडवून दाखवतो. उंच जाईल. पण दहाच्या दहा सारख्या उडतील असं लिहून देत नाही."

त्यांच्या या उत्तराने माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला. सारखेपणा हाताने येत नाही. सोऱ्याची शुद्धता, कोळसा कोणत्या लाकडाचा, तो किती बारीक, दारू किती दाबाने ठासली, हवेत ओल किती, यातले एक बदलले की सेकंद बदलतात. शिवाय आमच्या भागाचे ऊन. ठासलेल्या काळ्या दारूला तापणे-गार होणे सोसत नाही. मोटर दुपारी पत्र्याखाली तापली आणि रात्री गार झाली, असे महिनाभर चालले की आतली दारू कागदापासून सुटते किंवा तिला बारीक भेग पडते. बाहेरून काही दिसत नाही. पेटवल्यावर ज्वाला त्या भेगेत शिरते, एकदम जास्त दारू पेटते आणि नळी फुटते. आष्टी-कड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेली मोटर शाळेत वापरायची असेल तर तिच्यावर तारीख हवी, घाणा क्रमांक हवा, आणि प्रत्येक घाण्यातल्या काही मोटरी कारखान्यातच काट्यावर जाळून पाहिलेल्या हव्यात. हे प्रयोगशाळेचे काम आहे, म्हाताऱ्या हातांचे नाही. पण हात नसतील तर प्रयोगशाळेत करायचे काय?

आणि प्रयोगशाळा लांब नाहीत. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे; क्षेपणास्त्रांच्या घन इंधनाचे काम तिथे चालते. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला इस्रोच्या पीएसएलव्हीच्या मोटरींची कवचे तयार होतात; साखर कारखान्यासाठी वसलेले गाव ते. स्फोटकांचे परवाने देणारी केंद्राची संघटना, पेसो, तिचे मुख्य कार्यालय नागपुरात. कमी धुराचे 'ग्रीन' फटाके ज्या संस्थेने तयार केले ती नीरीही नागपुरात. महाराष्ट्रात घन इंधनाचे सगळे ज्ञान आहे. फक्त ते एक तर टनात मोजले जाते किंवा भुईनळ्यात. बारा ग्रॅमचे खाते कुणाकडेच नाही.

कायद्याचेही तसेच. १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि त्याखालचे २००८ चे नियम. त्यांत बंदुकीची दारू आहे, फटाके आहेत, खाणीतली आणि विहिरीतली स्फोटके आहेत. एका वेळी १५ किलोपर्यंत फटाके बनवण्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकतात, त्यावरचा पेसोकडून घ्यावा लागतो. पण फटाक्यासारखी फुटत नाही आणि क्षेपणास्त्रासारखी लांब जात नाही अशी शाळेची मोटर, तिच्यासाठी वेगळी पायरी नाही. अमेरिकेत ती पायरी आहे. ठरावीक वजनाखालची कागदी मोटर खेळणे म्हणून दुकानात मिळते, आणि ती बनवणाऱ्या कारखान्यासाठी वेगळी सुरक्षा संहिता आहे. घेणाऱ्याला मोकळीक, बनवणाऱ्यावर करडी नजर. आपल्याकडे बनवणाऱ्यावर नजर कागदोपत्री असते आणि घेणाऱ्यावर संशय खराखुरा.

संशयाचे बोलायलाच हवे. बीड जिल्ह्यात विहिरी खोदायला जिलेटिनच्या कांड्या लागतात आणि त्या कुठे कुठे फिरतात हे खेड्यात कुणाला विचारायची गरज नाही. ३० मार्च २०२५ च्या पहाटे, रमजान ईदच्या आदल्या दिवशी, आमच्याच जिल्ह्यात गेवराई तालुक्यातल्या अर्धामसल्याच्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. जीव कुणाचा गेला नाही, दोघांना अटक झाली. त्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात पोरांना अंधार पडल्यावर बाहेर जाऊ देत नव्हते. असे दिवस पाहिलेल्या आईला तुम्ही सांगून बघा की तुझा मुलगा हुशार आहे, त्याला रॉकेट करू दे. माझ्या त्या विद्यार्थ्याच्या घरी किलोभर सोरा आणि गंधकाची पुडी कुणाला सापडली, तर पंचनाम्यात ते खत आणि औषध म्हणून लिहिले जाईल की आणखी काही म्हणून? मुसलमान आईबापांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. इतर वाचकांना एवढेच सांगतो की यात तक्रार नाही, हिशेब आहे. आम्ही मुलाचा शौक ठरवतानाही हा हिशेब मनात मांडून ठरवतो. त्यामुळे कितीतरी शौक दाराबाहेरच राहतात.

म्हणून मला मोटर दुकानातली हवी. सीलबंद, घाणा क्रमांक छापलेली, आणि सोबत पावती. शाळेच्या नावाची पावती, मुख्याध्यापकांच्या रजिस्टरला नोंद. मुलाच्या हातात दारू नाही, नळी आहे, आणि नळी कुठून आली ते कागदावर आहे. डॉक्टरच्या मुलाला पावती नसली तरी चालून जाईल. आमच्या मुलाला नाही चालणार.

पण पावतीच्या पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे, तेही पाहिले पाहिजे. ८ डिसेंबर २०२३ ला पिंपरी-चिंचवडजवळ तळवड्यात एका कारखान्याला आग लागली. तिथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनत होत्या. परवाना नव्हता. त्या दिवशीच सहा बायका गेल्या, नंतर दवाखान्यात आणखी. केकवरची मेणबत्ती! तिच्यात किती दारू असते, चिमूटभर. पण चिमूट चिमूट भरायला कुणीतरी बसलेले असते आणि तिच्या शेजारी पूर्ण पिंप असते. ५ सप्टेंबर २०१२ ला शिवकाशीजवळ मुदलीपट्टीत एका दिवसात ३५ हून जास्त माणसे गेली. तेरखेड्यानेही स्फोट पाहिले आहेत आणि जनाजे पाहिले आहेत. छंदाची मोटर घेणारा मूल शहाण्यासारखा पाच मीटर दूर उभा राहणार, बॅटरीच्या वायरने पेटवणार. पण ती ठासणारी बाई किती दूर होती? 'स्वस्त देशी मोटर' अशी मागणी करणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा प्रश्न विचारायला हवा, कारण स्वस्त म्हणजे पत्र्याची खोली आणि रोजंदारीची बाई, हे या धंद्यात ठरलेले आहे. अमेरिकेतून मागवायच्या तीन मोटरींच्या पाकिटाला आपले हजार-बाराशे रुपये होतात, आणि परवान्याशिवाय ते मागवताही येत नाही. इथे बनली तर शंभर रुपयांत मिळावी असे मलाही वाटते. चाळीस रुपयांत मिळू लागली तर मी घेणार नाही.

मग पुढे काय होईल? मला दोन वाटा दिसतात. एक वाट मोठ्या मोटरींची. अमोनियम परक्लोरेट आणि रबर यांचे इंधन, तेच मोठ्या क्षेपणास्त्रांत असते, काळ्या दारूहून कितीतरी जोरकस. अंतराळ क्षेत्रात खासगी कंपन्यांना वाट करून देणाऱ्या इन-स्पेस या केंद्राच्या संस्थेने कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेटची स्पर्धा सुरू केली आहे. उत्तर प्रदेशात कुशीनगरला त्याची उड्डाणे झाली. आयआयटीच्या मुलांचे संघ आहेत. या वाटेला पैसा येईल, कंपन्या येतील, बातम्या येतील. चांगले आहे. पण ती वाट आष्टीच्या आठवीपर्यंत येत नाही. आणि त्या इंधनाचा कच्चा माल संरक्षण खात्यालाही लागतो, त्यामुळे छंदवाल्यांचा नंबर रांगेत कायम शेवटी. अमेरिकेत हे घडून गेले आहे. ४ मे १९८८ ला नेव्हाडातला परक्लोरेटचा कारखाना उडाला तेव्हा देशात तो माल बनवणारे कारखाने होतेच दोन. उरलेल्या एकातून आधी कुणाला मिळणार हे सांगायला नको.

दुसरी वाट काळ्या दारूच्या छोट्या नळीची. तिच्यात सोरा, गंधक, कोळसा एवढेच. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांतल्या बेरियमच्या क्षारांवर बंदी घातली, त्याची या नळीला झळ नाही, कारण तिला रंग नको असतो. धूर होतो, ते नाकारत नाही. पण एका तासाला वर्गाने दोन नळ्या उडवल्या तर तो धूर एका लग्नाच्या वरातीच्या पासंगालाही पुरणार नाही. तेरखेड्यासारख्या गावाला यात आणखी एक गोष्ट आहे. फटाक्यांचा धंदा दिवाळीचा. उरलेल्या वर्षात माल गोदामात, कर्ज डोक्यावर, आणि दर वर्षी नवा निकाल येईल का ही धास्ती. शाळेची मोटर जूनपासून मार्चपर्यंत लागते. मागणी थोडी, पण बारमाही. तीनशे शाळांनी वर्षाला पन्नास घेतल्या तरी पंधरा हजार नळ्या होतात. एवढ्यात गाव चालत नाही. दोन घरे चालतील. आणि ती दोन घरे ठासायचे यंत्र भिंतीपलीकडे ठेवायला शिकली तर भुईनळेही त्याच यंत्रावर भरतील. माझा खरा लोभ तो आहे. रॉकेट हे निमित्त.

यासाठी कुणी कोटींचा प्रकल्प मागायला नको. नियमांत बारा-पंधरा ग्रॅमच्या मोटरीची एक पायरी, तीही फक्त शाळा आणि नोंदलेल्या मंडळांना विकण्यापुरती. पुण्याच्या किंवा नागपूरच्या एखाद्या प्रयोगशाळेत घाणा तपासून शिक्का मारण्याची सोय. यंत्रासाठी कर्ज. विज्ञानाच्या सरांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, त्यापेक्षा पाण्याचे रॉकेट बरे. कोल्ड्रिंकची बाटली, सायकलचा पंप, परवाना नको. त्यांचे खोटे नाही. आम्ही ते करतो. तीन भागांत एक भाग पाणी घातले की बाटली शाळेच्या छतावरून जाते आणि दाब, प्रतिक्रिया, तिरके उड्डाण सगळे शिकवून होते. मुली मुलांपेक्षा जास्त उंच उडवतात, कारण त्या बूच नीट बसवतात. फक्त पाण्याच्या रॉकेटमध्ये दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर लिहिलेला आकडा खरा मानून स्वतःचे गणित करायचे नसते. मोटरीवर 'पाच सेकंद' छापलेले असते, ते मानून मुलाला आपले रॉकेट किती जड करायचे ते ठरवावे लागते, आणि मग आकाशात ते खरे ठरते की नाही ते बघावे लागते. कारखान्याने छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो, हा अनुभव आमच्या मुलांना फारसा नाही. दुधाच्या पिशवीवर नाही, बियाण्याच्या पिशवीवर तर अजिबात नाही.

तेरखेड्याच्या चाचांना मी माप लिहून दिले होते: आतली दारू नको, बूच नको, नुसती कागदी पुंगळी, बाहेरून १८ मिलीमीटर, लांबी ७०. मागच्या महिन्यात एस.टी.च्या पार्सलने सहा पुंगळ्या आल्या. आम्ही त्यांत चिकणमाती भरून एकेक २४ ग्रॅमची केली, म्हणजे वजन खऱ्या मोटरीएवढे. ती पुठ्ठ्याच्या रॉकेटच्या बुडात बसवायची, रॉकेट जिथे आडवे तोलते तिथे दोरा बांधायचा आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे राहिले तर रॉकेट सरळ जाईल, शेपूट पुढे आली तर पंख मोठे करावे लागतील. पार्सलसोबत चिठ्ठी होती, 'मोजून कळवा.' व्हर्नियर कॅलिपरने मोजले. चार पुंगळ्या बरोबर १८ च्या आहेत, दोन साडेअठराच्या.